कळंबच्या उन्हात दोन टोपल्या सुकेळी

सांडोरहून कळंब काही लांब नाही. वाटेत निर्मळला चहा घेतला तरी रिक्षा तासाभरात पोचवते. म्हणून मी प्रवासाचे लिहायला बसलो तेव्हा आमच्या आळीत लोक हसले. हसू देत. ज्याने बावन्न उन्हाळ्यांत एक रात्र वाडीबाहेर काढली नाही, त्याला कळंबही परमुलूखच. केळीला आणि पानवेलीला दिवसाआड पाणी लागते. ते पाणी मी कधी दुसऱ्याच्या हाती दिले नव्हते. या वर्षी मुलाला दिले. परत आल्यावर आधी अनवाणी वाडीत फिरून पाहिले. माती बोटभर खोल ओली होती आणि पाटाची तोंडे बुजवलेली होती. पोराने काम नीट केले होते. हे मी त्याला अजून सांगितलेले नाही, इथे लिहितो आहे.

निघायच्या आधी

माझा मुलगा प्रदीप आणि सून सुजाता, दोघेही विरार पूर्वेला नोकरी करतात. त्यांनी चंदनसारला चौथ्या मजल्यावर घर घेतले. नात मयूरी अकरा वर्षांची. तिलाही सहावीपासून तिकडच्या मोठ्या शाळेत घालायचे ठरवले. ठरवले म्हणजे मला सांगितले, विचारले नाही. मी दोन महिने प्रदीपशी धड बोललो नाही. ताट घेऊन वेगळा ओटीवर बसायचो. शेवटी तोच कंटाळला.

"बाबा, पोरीलाच विचारा. ती इथे राहते म्हणाली तर आपण सगळेच राहू, तिकडचं घर बंद ठेवू. जाते म्हणाली तर तुम्ही परत तोंड फुगवायचं नाही."

"मी विचारणार. तुम्ही कोणी नाही."

"तुम्हीच विचारा."

"आणि तोवर तिचे कान भरायचे नाहीत."

"नाही भरत. सुजाता, ऐकलंस ना?"

सून भांडी घासत होती. ती म्हणाली, "मी कधी बोलते?" पण हातातली कढई तिने जरा जोरातच ठेवली.

शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते. दरवर्षी पावसाळ्याआधी आमच्या घरून कळंबला केळी, अळू, विड्याची पाने जातात आणि तिकडून सुकी मासळी येते. माझ्या वडिलांपासूनची ही देवघेव. एरवी मी सकाळी जाऊन दुपारी परत यायचो. या खेपेला म्हटले, सून आणि नातीला घेऊन चार दिवस राहायचे. पोरीला समुद्र दाखवायचा, लाड करायचे आणि निघायच्या आधी विचारायचे. माझ्या मनात उत्तर ठरलेले होते. माझ्या शब्दाबाहेर ती कधी गेलेली नाही.

अडचण एकच आली. सुकेळी.

ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. राजेळी केळी पूर्ण पिकवून, सोलून, कारवीच्या काड्यांवर उन्हात घालायची. रोज उलटायची. संध्याकाळी टोपलीत भरून केळीच्या पानांखाली झाकायची, म्हणजे आतला मध बाहेर येतो. सात-आठ दिवसांनी ती गुळाच्या रंगाची होतात. मग दाबून, केळीच्या वाळक्या सोपटात बांधून जुड्या करायच्या. आमच्या बाजूला आता हे करणारी घरे बोटावर मोजण्याइतकी. माझ्या सुकेळ्याला कोणी नाव ठेवलेले मला आठवत नाही. या वर्षी घड उशिरा पिकले आणि निघायच्या दिवशी सुकेळ्यांना अजून दोन उन्हे बाकी होती. वाडीचे पाणी मी प्रदीपवर सोडले, सुकेळी सोडणे शक्य नव्हते. तो एक बाजू उलटील आणि फोन आला की दुसरी विसरेल.

मी दोन्ही टोपल्या रिक्षात मांडीवर घेतल्या.

"बाबा, समुद्रावर कोणी सुकेळी घेऊन जातं का?" सुजाता म्हणाली.

"ऊन तिकडेही तेच आहे."

मयूरी पुढे वाकून म्हणाली, "आजोबा, एक टोपली मी धरते." आणि पूर्ण रस्ता तिने ती हलू दिली नाही.

कळंब

आम्ही उतरलो ते जनाबायकडे. ती माझ्याच वयाची, कोळीण, नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. तिच्या मुलाने सुरूच्या झाडांकडे दोन खोल्या बांधल्यात, मुंबईची माणसे येऊन राहतात. त्यातली एक तिने आम्हाला उघडून दिली.

"आलास भाऊ? पानी पी आधी. आनि ही काय, सून आनलीस? बरं केलंस. दरवर्षी उभ्या उभ्या येतोस, जसं काय आमच्या घरात विंचू हाय."

"वाडीला पाणी असतं."

"वाडी काय पलून जातेय?"

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

मासेमारी बंद झाली होती. होड्या वर ओढून ठेवलेल्या, त्यांवर नारळाच्या झापांची छपरे चढत होती. आमच्याकडे विहीर सांगते तेव्हा माणूस उठतो, यांच्याकडे भरती सांगते. आता भरतीही काही सांगत नव्हती, तरी बाप्ये सवयीने तिच्या वेळेला किनाऱ्यावर येऊन बसत. आम्ही दुपारी दार लोटून घेतो. इथे दार दिवसभर उघडे आणि कोणीही येऊन चुलीवरच्या टोपाचे झाकण उचलून बघते. सुजाताला पहिल्या दिवशी ते खटकले. दुसऱ्या दिवशी तीच शेजारच्या टोपात डोकावत होती. जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, कैरी घातलेला जवळा आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील. सुजाता घरी मोजून जेवते. इथे तिने तिसरी भाकरी मागून घेतली. लग्न होऊन आल्यापासून ती एवढी मोकळी हसलेली मी पाहिली नव्हती. घरी हसत असेल तर ओटीपर्यंत ते ऐकू येत नसेल.

मयूरी मात्र जेवण सोडून वाळूत. तिने पहिल्या संध्याकाळी ओढणीत भरून आणले ते असे: एका माशाचा जबडा, खेकड्याची तुटलेली नांगी, एक फुगीर मेलेला मासा आणि ज्याला समुद्रफेस म्हणतात ते हाडासारखे काहीतरी. ओसरीवर मांडून ती जनाबायला विचारत बसली. मासा झोपतो का? डोळा कसा मिटतो? बोंबलाची हाडं एवढी मऊ का?

"पोरी, मी पन्नास वरसं मासली विकली, मला कुनी असलं इचारलं नाय," जनाबाय म्हणाली. "विकत घेनारा फक्त ताजी हाय का इचारतो."

त्याआधी, पोचल्या दुपारी, मी टोपल्या घेऊन ऊन शोधत हिंडत होतो. खोलीपुढे सुरूची सावली. किनाऱ्यावर वाळू उडते. गावात शेळ्या. चांगली, सारवलेली, चहूबाजूंनी ऊन खाणारी जागा एकच होती, जनाबायच्या खळ्याचा कोपरा. एका बाजूला जवळा पसरलेला, दुसऱ्या बाजूला बांबूच्या वलांडीवर बोंबलांच्या उरल्यासुरल्या माळा. मी तिथे काड्या मांडल्या.

जनाबायने लांबूनच हाक मारली. "भाऊ, तिथं नको. वारा खालनं येतो. जवल्याचा वास लागंल."

"सुकेळ्याला वास लागत नाही. वरून कातडं धरतं ते."

"मी सांगते ना."

"तू मासळीचं सांग. केळ्याचं मला कळतं."

"बरं बाबा. तुझी केली, तुझा हट."

ती निघून गेली. मी केळी ओळीने मांडली, प्रत्येकात बोटभर जागा सोडली. मुंबईहून आलेल्या एका जोडप्याने फोटो काढले आणि हा कुठला मासा म्हणून विचारले. मी त्यांना पाव तास समजावून सांगितले. मासा का वाटला, हे मी मनाला विचारायला हवे होते.

वह्या

दुसरा दिवस वह्यांचा. सुजाताने नवीन वह्या-पुस्तके बरोबर आणली होती, कारण घरी गेल्यावर वेळ मिळणार नाही म्हणाली. कुठल्या घरी, ते बोलली नाही. ओसरीवर चटई टाकून तिघे बसलो. ती खाकी कागद कापायची, मयूरी घडी घालायची, मी अंगठ्याने दाबून धरायचो. मी चौथी शिकलो. पाचवीत गेलो त्या वर्षी थोरला भाऊ आजारी पडला आणि रहाटावर बैल हाकायला मला घेतले. माझ्या पुस्तकांना कधी कागद चढला नव्हता, कारण ती आधीच तिघांची वापरलेली असत.

मग नावाच्या चिठ्ठ्या. मयूरी जिभेचे टोक बाहेर काढून लिहीत होती. नाव, इयत्ता, तुकडी. खाली शाळा अशी ओळ होती, ती प्रत्येक चिठ्ठीवर रिकामी सोडत होती.

"ती ओळ का सोडलीस?" मी विचारले.

"पप्पा म्हणाले, आत्ता नको लिहू."

सुजाता कात्रीकडे बघत राहिली. मी पुढची घडी दाबून धरली. बारा वह्या, बारा रिकाम्या ओळी. त्या ओळी माझ्यासाठी सोडल्या आहेत, असे मला वाटले. मनातून बरे वाटले. खोटे कशाला लिहू?

दुपारी ढग आले आणि गेले. मी चार वेळा उठून सुकेळी उलटून आलो. संध्याकाळी भरून ठेवली. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कडक ऊन मिळाले आणि सुकेळी झाली. रंग असा की मी स्वतःच्या हातावर खूश.

मांजर

आमच्याकडे पहिले सुकेळे घरातल्या लहानाला देतात. माझी बायको होती तोवर ती द्यायची, आता मी देतो. मयूरीला समोर बसवले, एक निवडून तिच्या हातावर ठेवले. तिने घास घेतला. हळू चावला. गिळला.

"कसं झालंय?"

"छान झालंय, आजोबा."

"मागच्या वर्षीसारखं?"

"मागच्या वर्षीपेक्षा छान. अजून एक द्या ना."

मी दुसरे दिले. तेही तिने संपवले. सुजाताने एक तोंडात घातले आणि तिचा हात थांबला. ती काहीतरी बोलणार होती. मयूरीने तिच्याकडे पाहिले. नुसते पाहिले. सुजाताने घास गिळला आणि म्हणाली, "गोड आहेत."

मला तपकिरीची सवय आहे, पस्तीस-चाळीस वर्षांची. नाक केव्हाच कामातून गेले. त्यात तीन दिवस मासळीच्या त्या गावात. मला सुकेळ्यात गोडी तेवढी लागली. पण ती नजर मी पाहिली होती.

मी जुड्या बांधायला सोपटे भिजवायला गेलो. परत आलो तर जनाबायचे पिवळे मांजर टोपलीपाशी बसलेले. दोन पायांत एक सुकेळे धरून चाटत होते. मी हाकलले तर गुरगुरले, आणि सुकेळे तोंडात धरून होडीखाली पळाले.

जनाबाय दारात उभी होती. ती हसली नाही, हे मी तिचे उपकार मानतो.

"भाऊ, मांजराला केली कवापासून आवडाय लागली?"

मी एक सुकेळे उचलून तिच्यापुढे धरले. तिने नाकाशी नेले. "जवला," ती म्हणाली. "निसता जवला. मला बरं लागंल. तुमच्या मानसांना नाय."

मी खाली बसलो. सुकेळ्यांचे वाईट वाटले, नाही असे नाही. दहा दिवसांची मेहनत. पण ते दुःख दुसऱ्यामागे उभे राहिले. पोरीने दोन खाल्ली होती. जे मांजरापुढे टाकायचे, ते माझ्या तोंडाकडे बघत, हसत, मागून घेऊन खाल्ले होते. आणि मी चार दिवस तिला ज्या प्रश्नासाठी इथे आणले होते, त्याचे उत्तरही ती अशीच देणार होती. राहते म्हणणार होती. छान म्हणणार होती. अजून एक द्या म्हणणार होती.

तिने बापाचा शब्द मोडला असता, आईचा मोडला असता. माझा नाही. याचा मला दोन महिने अभिमान होता.

ऊन उतरल्यावर मी तिला घेऊन किनाऱ्यावर गेलो. एका होडीच्या सावलीत बसलो. तिच्या मुठीत तो माशाचा जबडा होता, दात मोजत होती.

"बाय, एक विचारतो. माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. पाण्याकडे बघ आणि सांग."

तिची बोटे थांबली.

"सुकेळ्यांना वास येतो का?"

तिने पाण्याकडे पाहिले. ओहोटी होती, पाणी लांब गेले होते.

"येतो."

"थोडा?"

"खूप. जवळ्यासारखा."

"मग दुसरं कशाला मागितलंस?"

"तुम्ही बघत होतात."

मी तपकिरीची डबी काढली, परत खिशात ठेवली.

"रागावलात?"

"नाही. मांजराने तुझ्या आधी सांगितलं."

तिला हसू आले, पण ते तिने अर्ध्यावर सोडले. मग वाळूत टाच घासत म्हणाली, "मला वाटलं तुम्ही दुसरं विचारणार. शाळेचं. मी राहते म्हणणार होते."

विचारायचा हक्क माझा होता, भांडून मिळवलेला. तो मी तसाच ठेवून दिला.

मग ती आपण होऊन बोलली. "तिकडे प्रयोगशाळा आहे. आईने नेऊन दाखवली होती. कपाटात बेडकाचा आख्खा सांगाडा आहे, आजोबा. आणि हे असलं काही नेलं तर बाई ठेवून घेतात." तिने जबडा माझ्यापुढे केला.

"दात किती आहेत?"

"तेवीस. एक पडलाय बहुतेक."

"मग चोवीस लिही. पडलेला धरायचा."

"नाही, पडलाय की नव्हताच, ते बघावं लागेल."

हे तिने माझ्या तोंडाकडे न बघता सांगितले.

चंदनसार

चौथ्या दिवशी सकाळी प्रदीप टेम्पो घेऊन आला. मागे गाद्या, कपाट, मयूरीचे टेबल, गरज पडली तर परत उतरवायच्या तयारीने भरलेले. आम्हाला सांडोरला सोडायचे की चंदनसारला न्यायचे, ते तो माझ्याकडून ऐकायला थांबला होता. आंघोळ न करता आला होता, हाताच्या नखांत वाडीची माती होती.

"विचारलंत?"

"टेम्पो चंदनसारला घे," मी म्हणालो.

"बाबा, विचारलंत का?"

"चंदनसारला घे म्हणतो ना."

त्याने सुजाताकडे पाहिले. तिने मान हलवली, म्हणजे मलाही माहीत नाही.

जनाबायने सुक्या बोंबलांची मोळी आणि जवळ्याची पिशवी आणून टेम्पोत ठेवली. मी केळीचा घड आणि पाने पहिल्याच दिवशी दिली होती. आता सुकेळ्यांची एक टोपली पुढे केली. लाज वाटत होती, पण आमच्या घरून तिच्या घरी सुकेळी गेली नाहीत असे एकही वर्ष नाही.

"दे," ती म्हणाली. "माज्या घरात कुठला वास कुठला, कोन बघतंय? पन पुढच्या वरसाला माजं ऐक."

"बघू."

"ऐकनार नाय हा," तिने सुजाताला सांगितले.

विरारच्या रेल्वे फाटकापलीकडच्या त्या रस्त्याचे काय सांगू? रुळांवरच्या पुलावरून पलीकडे उतरले की इमारती सुरू होतात. इमारतीमागे इमारत, मधे उरलेला भाताचा एखादा तुकडा, त्यात म्हैस. आमच्याकडे घरांमध्ये झाडे, इकडे घरांमध्ये घरे. चौथ्या मजल्यावर गेलो. खिडकीतून लांब डोंगर दिसतो, एवढे मान्य करतो. सज्जात एक कुंडी मावेल. मी मनाशी ठरवले, केळीचे पिल्लू इथे लागणार नाही, पण पानवेल लागेल. तिला आधार आणि सावली पुरते.

प्रदीप आणि हमाल कपाट वर आणत होते. सुजाता नव्या ओट्यावर दूध तापवत होती, पहिले दूध, ते तिने मुद्दाम उतू जाऊ दिले. मयूरी खोक्यांमध्ये जमिनीवर बसून दप्तर भरत होती. मी तिच्याशेजारी बसलो.

"वह्या काढ. पेन दे."

"कशाला?"

"ती खालची ओळ लिहायची आहे. शाळेचं नाव सांग. सावकाश सांग."

तिने माझ्याकडे पाहिले, मग वह्यांकडे. शाळेचे नाव लांब होते. ती एकेक शब्द सांगत गेली, मी लिहीत गेलो. माझे अक्षर मोठे आहे, ओळीत मावत नाही, पण वाचता येते. प्रदीप कपाटाच्या मागून हे बघत होता. कपाट खाली ठेवायचे विसरून उभा राहिला, तेव्हा पुढचा हमाल त्याच्यावर ओरडला.

बाराव्या वहीला माझा हात दुखायला लागला होता. ओळ चढणीला लागली आणि शेवटचा शब्द कोपऱ्यात कोंबावा लागला. मी वही तिच्यापुढे सरकवली.

तिने ती नीट बघितली. माझ्याकडे नाही, वहीकडेच.

"आजोबा, ही वाकडी झाली. दुसरी चिठ्ठी लावू?"

"लाव."

तिने नखाने जुनी चिठ्ठी सोलली, नवी चिकटवली, वर नाव आणि इयत्ता लिहिली आणि पेन परत माझ्या हातात दिला. मी श्वास धरून लिहिले. तिने वही खिडकीच्या उजेडात धरली.

"आता बरी आहे," ती म्हणाली. छान म्हणाली नाही.